'क्रिएटिव्ह' की 'इन्जिनियस'? कल्पकतेचे इंग्रजी शब्द नेमके कसे वापरायचे

इंग्रजीत कुणाच्या कल्पकतेबद्दल लिहायची वेळ आली की बहुतेकांची गाडी 'क्रिएटिव्ह' या एका शब्दावर येऊन थांबते. फार तर जोडीला 'इनोव्हेटिव्ह' आणि 'युनिक' येतात, तेही एकाच वाक्यात, एकापाठोपाठ. व्याकरण बिनचूक असतं, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. याचं कारण असं की आपण हे सगळे शब्द समानार्थी धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ही गोष्ट याआधी कुणालाच सुचली नव्हती का? जुन्याच गोष्टी चतुराईने जोडल्या का? हाताशी काही नसताना मार्ग काढला का? की सुचलेलं प्रत्यक्षात उतरवून दाखवलं? आपल्याला यातलं नेमकं काय सांगायचंय हे ठरलं की शब्द शोधणं सोपं होतं.

पहिली पायरी : वाक्य आधी मराठीत पक्कं करा

'कल्पक', 'मौलिक', 'हिकमती', 'हरहुन्नरी', 'द्रष्टा', 'अवलिया', 'चक्रम' हे शब्द मराठीत आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही. हिकमती माणसाला कुणी द्रष्टा म्हणणार नाही. हा भेद आपल्या कानाला आधीपासून कळतो, त्याचा फायदा घ्या. हिकमती म्हणजे 'रिसोर्सफुल', हरहुन्नरी म्हणजे 'व्हर्सटाइल', द्रष्टा म्हणजे 'व्हिजनरी', चक्रमपणाकडे झुकणारा पण निरुपद्रवी म्हणजे 'एक्सेन्ट्रिक'. 'अफलातून' मात्र इंग्रजीत नेता येत नाही. गंमत म्हणजे हा शब्द प्लेटोच्या नावाचं अरबी रूप आहे. एका तत्त्वज्ञाचं नाव आपण कौतुकाचं विशेषण करून टाकलं, पण इंग्रजीत त्याच तत्त्वज्ञावरून आलेल्या 'प्लेटॉनिक' शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे: शारीरिक आकर्षण नसलेलं (प्रेम किंवा मैत्री).

दोन ठिकाणी मराठी तुम्हाला थेट वाचवते. 'कल्पक' आणि 'काल्पनिक' यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच 'इमॅजिनेटिव्ह' आणि 'इमॅजिनरी' यांत आहे. 'हर इमॅजिनरी सोल्यूशन' असं लिहिलं तर तिचा उपाय अस्तित्वातच नाही असा अर्थ होतो. दुसरी जोडी 'मूळ' आणि 'मौलिक' यांची. इंग्रजीत या दोन्हींसाठी 'ओरिजिनल' हा एकच शब्द आहे, आणि त्याचा घोळ पुढे सविस्तर येईल.

काही ठिकाणी मात्र मराठीच पाय ओढते. 'शोध लावला' हा वाक्प्रचार आपण दोन वेगळ्या कामांसाठी वापरतो. आधीपासून अस्तित्वात असलेलं पण कुणाला माहीत नसलेलं सापडलं, तर इंग्रजीत 'डिस्कव्हर'. नव्हतंच ते घडवलं, तर 'इन्व्हेंट'. विल्हेल्म राँटगेनने 1895 मध्ये क्ष-किरण 'डिस्कव्हर' केले, अलेक्झांडर फ्लेमिंगने 1928 मध्ये पेनिसिलिन 'डिस्कव्हर' केलं, पण थॉमस एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ 'इन्व्हेंट' केला. त्यामुळे 'इन्व्हेन्टिव्ह' हे विशेषण घडवणाऱ्याला लागतं. नवा तारा शोधणारा खगोलशास्त्रज्ञ केवळ त्या कामामुळे 'इन्व्हेन्टिव्ह' ठरत नाही.

'मला सुचलं' याचंही असंच. मराठीत कल्पना कर्ता असते आणि आपण ती झेलतो. इंग्रजीत शब्दशः नेताना 'अॅन आयडिया केम इन माय माइंड' असं अवघडलेलं वाक्य तयार होतं. त्याऐवजी तीन घडणी हाताशी ठेवा. आपोआप सुचलं असेल तर 'अॅन आयडिया ऑकर्ड टू मी', विचार करून काढलं असेल तर 'आय केम अप विथ अॅन आयडिया', शोधता शोधता अचानक सापडलं असेल तर 'आय हिट अपॉन अॅन आयडिया'. 'कुक अप' टाळा, त्यात रचलेल्या सबबीचा वास आहे.

दुसरी पायरी : शब्द माणसाला लावताय की गोष्टीला?

हे तपासायला अर्धा मिनिट लागतो, आणि निम्म्या चुका इथेच निघतात.

'रिसोर्सफुल' फक्त माणसाला लागतो. 'रिसोर्सफुल आयडिया' म्हणता येत नाही. 'नॉव्हेल' (नवा, आधी न पाहिलेला) विशेषण म्हणून फक्त गोष्टीला लागतो: 'अ नॉव्हेल मेथड', 'अ नॉव्हेल अप्रोच'. कुणाला 'अ नॉव्हेल पर्सन' म्हटलंत तर ऐकणारा गोंधळेल. 'ग्राउंडब्रेकिंग' (नवी वाट पाडणारं) आणि 'सेमिनल' हे मुख्यतः संशोधनाला, लेखनाला, कामाला लागतात, माणसाला क्वचितच. उलट 'गिफ्टेड' आणि 'प्रॉलिफिक' मुख्यतः माणसाचे. 'जीनियस' हे मुळात नाम आहे, म्हणून 'ही इज जीनियस' चूक, 'ही इज अ जीनियस' बरोबर. 'अ जीनियस आयडिया' बोलण्यात चालतं, औपचारिक पत्रात तिथे 'ब्रिलियंट' बरा.

'क्रिएटिव्ह', 'इमॅजिनेटिव्ह', 'इन्व्हेन्टिव्ह', 'इनोव्हेटिव्ह', 'ओरिजिनल' हे दोन्हीकडे चालतात. कदाचित म्हणूनच ते इतके झिजलेत.

'प्रॉलिफिक'बद्दल थोडं थांबायला हवं, कारण तो स्तुती म्हणून सर्रास चुकीचा वापरला जातो. हा शब्द फक्त संख्या सांगतो. चाळीस पुस्तकं लिहिणारा लेखक 'प्रॉलिफिक' असतो, मग ती चाळीसही एकाच साच्यातली असली तरी. गुणवत्ता सांगायची असेल तर वेगळा शब्द जोडावा लागतो.

तिसरी पायरी : नवेपणा कुठे आहे ते शोधा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि ते नुसत्या व्याख्या वाचून जमत नाही. तीन घटना घ्या आणि प्रत्येकीला शब्द लावून पाहा.

पहिली घटना. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 यानात स्फोट झाला आणि तीन अंतराळवीरांना चंद्रावर उतरण्यासाठी जोडलेल्या छोट्या यानात आसरा घ्यावा लागला. तिथली हवा शुद्ध करणारे डबे गोल खोबणीत बसणारे होते, आणि मुख्य यानातले शिल्लक डबे होते चौकोनी. जमिनीवरच्या अभियंत्यांनी यानात असलेल्या वस्तूंतूनच, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, जाड कागदी आवरणं, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांतून जोडणी तयार केली. ही माणसं 'रिसोर्सफुल', कारण मर्यादित साधनांत मार्ग निघाला. जोडणी 'इन्जिनियस', कारण ती चतुराईने नेमकी बसवली होती. तिला 'इनोव्हेटिव्ह' म्हणणं चुकीचं नाही, पण सपक आहे. त्यात प्रसंगाची निकड हरवते. 'व्हिजनरी' तर अजिबात नाही. दूरच्या भविष्याचा इथे काही संबंध नव्हता, प्रश्न पुढच्या काही तासांचा होता.

दुसरी घटना ब्रेल लिपीची. शार्ल बार्बिए या फ्रेंच माणसाने बारा ठिपक्यांची, बोटांनी वाचायची लिपी आधीच केली होती. लुई ब्रेलने ती सहा ठिपक्यांवर आणली, म्हणजे एक अक्षर एका बोटाच्या टोकाखाली मावू लागलं. 1824 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची मांडणी बरीचशी तयार होती. इथे 'ओरिजिनल' जपून वापरावा, कारण उठावदार ठिपक्यांची कल्पना त्याची नव्हती. पण 'इन्जिनियस' शंभर टक्के लागू पडतो, आणि परिणामाकडे पाहिलं तर 'ग्राउंडब्रेकिंग'ही. कल्पना उसनी असूनही काम थोर असू शकतं. हे सांगायला इंग्रजीत शब्द आहेत, फक्त ते 'ओरिजिनल' नाहीत.

तिसरी घटना कचेऱ्यांमधल्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांची. थ्रीएम कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर यांनी 1968 मध्ये मजबूत गोंद करायच्या प्रयत्नात असा गोंद बनवला, जो हलकेच चिकटायचा आणि सहज सुटायचा. गोंद 'नॉव्हेल' होता, पण त्याचं करायचं काय, हे कुणाला कळत नव्हतं. 1974 मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना चर्चमधल्या गायनाच्या पुस्तकातून खुणेचे कागद निसटतात याचा वैताग आला, आणि तो गोंद आठवला. हा विचार 'इन्व्हेन्टिव्ह'. 1980 मध्ये अमेरिकेत चिठ्ठ्या बाजारात आल्या, लोकांच्या कामाची रीत बदलली, म्हणून उत्पादन 'इनोव्हेटिव्ह'. मागाहून आलेल्या नकला 'डेरिव्हेटिव्ह', म्हणजे दुसऱ्यावर बेतलेल्या. एकाच गोष्टीच्या प्रवासात चार टप्पे, चार शब्द.

यातून निघणारी कसोटी अशी. 'क्रिएटिव्ह' क्षमता सांगतो, ती वापरली गेली का ते सांगत नाही. 'ओरिजिनल' उगम सांगतो. 'इमॅजिनेटिव्ह' मनाची झेप सांगतो, उपयोग सांगत नाही. 'इन्जिनियस' रचनेतली चतुराई सांगतो. 'इनोव्हेटिव्ह' वापरात आलेला बदल सांगतो, म्हणून जी योजना अजून कागदावरच आहे तिला तो लावताना दोनदा विचार करा. 'ग्राउंडब्रेकिंग' आणि 'सेमिनल' तर काळाने बहाल करायचे शब्द. 'सेमिनल'च्या मुळाशी बी आहे. ज्या कामातून पुढे दुसऱ्यांची कामं उगवली ते 'सेमिनल'. गेल्या महिन्यात छापलेल्या स्वतःच्या निबंधाला तो लावला, तर वाचणारा हसेल.

चौथी पायरी : 'ओरिजिनल'चा सापळा आणि 'अ', 'अॅन', 'द'

मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे आपण ती भाजीतल्या कोथिंबिरीसारखी वरून भुरभुरवतो. इथे मात्र उपपदाने अर्थच उलटतो. 'अॅन ओरिजिनल आयडिया' म्हणजे मौलिक कल्पना. 'द ओरिजिनल आयडिया' म्हणजे मूळ, आधीची कल्पना, जी बहुधा नंतर बदलली. 'युवर ओरिजिनल प्लॅन वॉज बेटर' हे मौलिकतेचं कौतुक नाही. तुमची आधीची योजना बरी होती, आता बिघडली, असं ते वाक्य म्हणतं. संदिग्धता टाळायची असेल तर मौलिकतेसाठी 'हायली ओरिजिनल' लिहा. 'मूळ' या अर्थाच्या 'ओरिजिनल'आधी 'हायली' येऊच शकत नाही, त्यामुळे गैरसमजाला जागा राहत नाही. 'शी इज अॅन ओरिजिनल' असं नाम म्हणून वापरलं तर अर्थ होतो, हिच्यासारखी हीच. त्यात जिव्हाळा आहे आणि किंचित मिश्किलपणाही.

'अ' की 'अॅन' हे उच्चारावर ठरतं, स्पेलिंगवर नाही. 'अॅन इनोव्हेटिव्ह', 'अॅन इन्जिनियस', 'अॅन एक्सेन्ट्रिक' बरोबर. पण 'युनिक'ची सुरुवात 'य' या उच्चाराने होते, म्हणून 'अ युनिक'. 'अॅन युनिक' ही चूक छापील पत्रकांतही दिसते.

'युनिक'ची दुसरी अडचण तीव्रतेची. त्याचा अर्थ एकमेव. एकमेव गोष्ट थोडी एकमेव किंवा फार एकमेव कशी असेल? 'व्हेरी युनिक' बोलण्यात भरपूर ऐकू येतं, पण लिखाणात चोखंदळ वाचक तिथे अडखळतो. 'ट्रूली युनिक' किंवा 'ऑलमोस्ट युनिक' चालतं. खरोखर एकमेव नसेल तर 'अनयुज्वल' किंवा 'डिस्टिंक्टिव्ह' घ्या.

इतर विशेषणांच्या आधी कोणते शब्द शोभतात, हे पाठच करावं लागतं, त्याला नियम नाही. 'हायली क्रिएटिव्ह', 'स्ट्रायकिंगली ओरिजिनल', 'रिफ्रेशिंगली ओरिजिनल', 'वाइल्डली इमॅजिनेटिव्ह'. 'स्ट्राँगली क्रिएटिव्ह' कानाला खटकतं. नामांबरोबर 'अ फ्लॅश ऑफ इन्स्पिरेशन', 'अ स्ट्रोक ऑफ जीनियस', 'अ बर्स्ट ऑफ क्रिएटिव्हिटी' अशा जोड्या ठरलेल्या आहेत, त्यांची अदलाबदल करू नका.

'इनोव्हेट' या क्रियापदाला शक्यतो कर्म देऊ नका. 'वी इनोव्हेटेड अ न्यू पंप' असं काही जण लिहितात, पण वाक्य कृत्रिम वाटतं. 'वी डेव्हलप्ड अ न्यू पंप' किंवा 'वी इन्व्हेंटेड' सरळ आहे.

उच्चाराचं एकच ठिकाण गंभीर आहे. 'इन्जिनियस'मध्ये मधला 'जी' दीर्घ, आणि स्पेलिंगमध्ये दुसऱ्या 'एन'नंतर 'आय'. 'इन्जेन्युअस' हा निराळा शब्द, त्यात 'एन'नंतर 'यू', आणि अर्थ भाबडा, निष्कपट. शिफारसपत्रात एका अक्षराने हुशार उमेदवार भोळसट होतो, आणि स्पेलिंग तपासणारी यंत्रणा काहीच खूण करत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. वर आणखी गोम अशी की 'इन्जिनियस'चं भाववाचक नाम 'इन्जिन्यूइटी' आहे, जे दिसायला दुसऱ्या शब्दाच्या जवळचं. भाबडेपणासाठी 'इन्जेन्युअसनेस' असं वेगळं नाम आहे.

पाचवी पायरी : स्तुतीत लपलेली टाचणी ओळखा

'क्रिएटिव्ह' हिशेबांना लागला की अर्थ होतो आकड्यांची हातचलाखी. 'क्रिएटिव्ह अकाउंटिंग' हे कौतुक नव्हे. 'क्रिएटिव्ह विथ द ट्रुथ' म्हणजे सरळसरळ थापा. 'अ व्हिव्हिड इमॅजिनेशन' मुलाच्या चित्राबद्दल म्हटलं तर शाबासकी, कुणाच्या तक्रारीबद्दल म्हटलं तर 'मनाचे खेळ'. 'अॅन ओव्हरअॅक्टिव्ह इमॅजिनेशन' मात्र नेहमीच टोमणा असतो. 'आर्टिस्टिक' म्हणजे कलात्मक, पण 'आर्टफुल' म्हणजे धूर्त. 'वेल, दॅट्स ओरिजिनल' हे वाक्य कोरड्या स्वरात आलं तर समजा की तुमची सबब दहा वेळा ऐकून झालेली आहे.

काही शब्दांचं वजन समोरचा कोण आहे त्यावर ठरतं. चाकोरी सोडणाऱ्यांसाठीचे शब्द सौम्यापासून तिखटाकडे साधारण असे लावता येतील: 'अनकन्व्हेन्शनल', 'ऑफबीट', 'क्वर्की', 'एक्सेन्ट्रिक'. पहिला कुठेही चालतो. दुसरा, म्हणजे नेहमीपेक्षा हटके, विनोद, पोशाख, कलाकृती यांना शोभतो. तिसरा म्हणजे गमतीदार विक्षिप्त, त्यात लाड आहे. चौथा नोकरीच्या शिफारशीत लिहू नका, मग मनात कितीही प्रेम असो. त्याचा मूळ अर्थ केंद्रापासून सरकलेला, आणि तो ग्रहांच्या कक्षांसाठी वापरला जायचा. माणसांना तो नंतर चिकटला.

'मॅव्हरिक'ही जपून. टेक्सासमधले सॅम्युअल मॅव्हरिक (1803–1870) आपल्या वासरांना मालकीचा डाग देत नसत. म्हणून बिनडागाचं, कळपाबाहेर फिरणारं जनावर ते 'मॅव्हरिक', आणि पुढे कुणाच्याच गटात न बसणारा माणूसही. चित्रपट दिग्दर्शकाला हा शब्द मिरवायला मिळतो, पण लेखापालाला तो लावला तर नोकरी देणारा दचकेल.

'ब्रेनस्टॉर्म'चा घोटाळा अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरचा आहे. अमेरिकी इंग्रजीत त्याचा अर्थ अचानक सुचलेली उत्तम कल्पना असाही होतो. ब्रिटिश इंग्रजीत 'आय हॅड अ ब्रेनस्टॉर्म' म्हणजे क्षणभर डोकंच चालेनासं झालं. उत्तम कल्पनेसाठी तिकडे 'ब्रेनवेव्ह' म्हणतात. सगळ्यांनी मिळून कल्पना सुचवण्याच्या बैठकीसाठी मात्र 'ब्रेनस्टॉर्मिंग' दोन्हीकडे चालतं.

कल्पकतेचा अभाव सांगायचा तर

परीक्षण लिहिणाऱ्यांना हे लागतंच. दुसऱ्याच्या कामावर बेतलेलं ते 'डेरिव्हेटिव्ह'. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं ते 'हॅकनीड' किंवा 'क्लीशेड'. धड वाईट नाही, धड लक्षात राहील असं नाही, ते 'रन-ऑफ-द-मिल'. 'क्लीशे' आणि 'स्टिरिओटाइप' हे दोन्ही शब्द छापखान्यातले आहेत. एकच मजकूर पुन्हा पुन्हा छापायला ओतलेल्या साच्याची ती नावं. अर्थ लक्षात ठेवायला तेवढं पुरे. 'अनओरिजिनल' सरळ आणि काहीसा कडवट. पाहुण्या लेखकासमोर बोलायचं असेल तर 'कन्व्हेन्शनल' सभ्य ठरतो.

'थिंक आउटसाइड द बॉक्स' हा वाक्प्रचारही आता याच यादीत जाऊन बसलाय. तो नऊ ठिपक्यांच्या कोड्याशी जोडला जातो: हात न उचलता चार सरळ रेषांनी नऊही ठिपके जोडायचे, आणि ते ठिपक्यांच्या चौकटीबाहेर रेषा नेल्याशिवाय जमत नाही. वापरायचाच असेल तर क्रियापदाबरोबर 'आउटसाइड द बॉक्स', नामाच्या आधी विशेषण म्हणून 'आउट-ऑफ-द-बॉक्स', आणि दुसऱ्या रूपात मध्ये जोडरेषा. एका मजकुरात एकदाच.

शेवटची पायरी : विशेषण कापा, कृती लिहा

समजा मसुद्यात हे वाक्य आहे: 'शी इज अ व्हेरी क्रिएटिव्ह, इनोव्हेटिव्ह अँड युनिक पर्सन विथ आउट-ऑफ-द-बॉक्स थिंकिंग.'

आधी 'व्हेरी' काढा. मग 'युनिक' काढा, कारण प्रत्येक माणूस तसा एकमेवच असतो. 'पर्सन'च्या जागी तिचं काम लिहा: 'डिझायनर', 'टीचर', 'इंजिनिअर'. आता उरलेल्या विशेषणांना एकेक करून विचारा, याला पुरावा देणारी घटना आहे का? ज्याला घटना सापडत नाही ते खोडा. बहुतेक वेळा एकच विशेषण उरतं, आणि तेही बदलावं लागतं, कारण घटना वेगळंच काही सांगत असते. घटना अशी असेल की प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी छपाईयंत्र बंद पडलं आणि तिने बाराच्या बारा फलक हाताने पुन्हा काढले, तर वाक्य होईल: 'शी इज अ रिसोर्सफुल डिझायनर. व्हेन द प्रिंटर ब्रोक डाउन टू डेज बिफोर द एक्झिबिशन, शी रीड्रू ऑल ट्वेल्व्ह पोस्टर्स बाय हँड.'

इथे 'क्रिएटिव्ह' परत घालायचा मोह होईल, पण या घटनेत नव्या कल्पनेचा पुरावा नाही, निकड निभावून नेल्याचा आहे. तिने जुन्या खोक्यांचे साचे कापून अक्षरं उमटवली असती, तर दुसऱ्या वाक्यात 'हर इन्जिनियस यूज ऑफ ओल्ड बॉक्सेस अॅज स्टेन्सिल्स' एवढं जोडता आलं असतं. आणि जोडल्यावर 'एन'नंतर 'आय' आहे ना, ते पुन्हा एकदा पाहून घ्यावं लागलं असतं.